ओला कचरा: मशीन की टाक्या, त्याआधी पाण्याचा हिशोब

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पुण्यातली १८० फ्लॅटची सोसायटी. ओला कचरा आवारातच जिरवा अशी महापालिकेची नोटीस आली आहे. एका विक्रेत्याने 'चोवीस तासांत खत' देणारं साडेअकरा लाखांचं मशीन सुचवलं आहे. त्याच्या म्हणण्याप्रमाणे वीज दिवसाला ३० युनिट, जागा १०० चौरस फूट. मागच्या बाजूला मोकळी पट्टी आहे, आणि कमिटीतल्या काहींना तिथे विटांच्या टाक्या बऱ्या वाटतात. मागच्या विंगने वासाची तक्रार टाक्या बांधायच्या आधीच करून ठेवली आहे. कशावर पैसे घालावेत?

मशीन की टाक्या हा प्रश्न दुसऱ्या नंबरचा आहे. पहिला प्रश्न पाण्याचा. स्वयंपाकघरातून येणारा ओला कचरा वजनाने पाऊण भाग पाणीच असतो. हे पाणी कुठे जाणार, कोण शोषणार, कोण वाफ करणार, याचं उत्तर ज्या आराखड्यात नाही तो आराखडा पहिल्याच पावसाळ्यात बंद पडतो. मग त्यात टाकी असो नाहीतर मशीन. वास, माश्या, अळ्या, काळं पाणी या सगळ्या तक्रारींचं मूळ बहुतेक वेळा जास्तीच्या पाण्यात सापडतं.

तीन गोष्टी तुमच्या जागेवर अवलंबून आहेत आणि त्या मला इथून दिसत नाहीत: आवारात पालापाचोळा किती मिळतो, मागची मोकळी पट्टी इमारतींच्या कुठल्या दिशेला येते, आणि रोज तीन-चार तास काम करणारा माणूस ठेवायला सोसायटी तयार आहे का. खालचे आकडे १८० फ्लॅट धरून काढलेत. तुमचं वजन वेगळं निघालं तर त्या प्रमाणात बदला.

आधी वजन करा. मध्यमवर्गीय सोसायटीत घरटी ओला कचरा रोज पाऊण ते एक किलोच्या आसपास येतो. १८० घरांचा ८०० ग्रॅमने १४५ किलो होतो. पण हा अंदाज झाला. सलग सात दिवस, रविवार धरून, तराजूवर मोजा. फ्लॅट किती रिकामे, किती घरं डबा लावणारी, किती घरांत रोज फळं, यावर आकडा १०० ते १८० किलोमध्ये कुठेही असू शकतो. २०१६ च्या घनकचरा नियमांपासून दिवसाला १०० किलोपेक्षा जास्त कचरा करणारे 'मोठे कचरा उत्पादक' धरले जातात आणि त्यात सुका कचराही मोजला जातो, त्यामुळे नोटिशीतून सुटका नाही. वजन हवं ते आकारमान ठरवायला. आणि मे महिन्यात आंब्याच्या साली आणि कोयांनी हाच आकडा सहज फुगतो हे लक्षात ठेवा. टाक्या सरासरीवर बांधायच्या, पण एक टाकी कायम मोकळी ठेवायची ती अशा दिवसांसाठी.

आता मशीन. तुमच्या १४५ किलोत ७५ टक्के पाणी धरलं तर घन पदार्थ साधारण ३६ किलो आणि पाणी १०९ किलो. मशीनमधून बाहेर पडणारा भुगा कोरडा, म्हणजे १५ टक्के ओलाव्याचा हवा असेल तर त्याचं वजन ४२-४३ किलो भरतं. म्हणजे १०० किलोच्या वर पाणी वाफ करून घालवायचं. एक किलो पाणी खोलीच्या तापमानापासून वाफ करायला साधारण ०.७ युनिट लागतं. हा भौतिकशास्त्राचा हिशोब आहे, त्यात कंपनीची हुशारी चालत नाही. साध्या हीटरच्या मशीनला त्यामुळे रोज किमान ७० युनिट लागणार. युनिटला १० रुपये धरले तरी महिन्याला २१ हजार, आणि त्यात फिरवणारी मोटर, पंखा, उष्णतेची गळती धरलेली नाही. विक्रेता म्हणतो तसं ३० युनिटांत जेमतेम ४३ किलो पाणी उडेल. उरलेलं ६० किलो कुठे जातं, हे त्याला लेखी विचारा. उत्तर बहुधा 'लाकडाचा भुसा टाका' असं येईल. म्हणजे भुशाचा खर्च तुमचा, साठवण तुमची, आणि १०० चौरस फुटांत ती बसत नाही.

दुसरी गोष्ट, चोवीस तासांत जे मिळतं ते खत नसतं. तो वाळवलेला, भाजलेला स्वयंपाकघरातला कचरा असतो. दिसतो तपकिरी, वासही बरा असतो, कारण पाण्याविना जिवाणू झोपलेले असतात. एक मूठ घेऊन पाणी शिंपडा आणि झाकून ठेवा. दोन-तीन दिवसांत पांढरी बुरशी धरते, गरम होतं आणि आंबूस वास सुटतो. असा भुगा थेट कुंडीत घातला की तो मुळांजवळ कुजायला लागतो, मातीतला नत्र आणि प्राणवायू ओढून घेतो आणि झाडं पिवळी पडतात. मग माळी म्हणतो, खत वाईट आहे. खत वाईट नाही, ते अजून खत झालेलंच नाही. या भुग्यालाही पुढे महिना-दीड महिना ओलावा देऊन मुरवावं लागतं, म्हणजे टाक्या लागतातच.

मशीन निरुपयोगी आहे असं नाही. जागा खरोखरच नसेल, कचरा हॉटेलसारखा रश्श्या-भातांचा असेल, किंवा तळघराशिवाय काही उरलंच नसेल, तर मशीन घ्यावं. पण ते वाळवण्याचं यंत्र म्हणून घ्यावं आणि मुरवण्याची जागा वेगळी धरावी. तुमच्या वर्णनात मागच्या बाजूला मोकळी पट्टी आहे, म्हणून मी टाक्यांकडे झुकतो.

टाकीतही पाणी जावंच लागतं, पण तिथे वीज जिवाणूंची. ते कचरा खाताना उष्णता सोडतात आणि त्या उष्णतेने पाणी उडतं. त्यासाठी त्यांना हवा हवी, आणि हवेला ढिगात पोकळी हवी. मिश्रणाचा ओलावा ५० ते ६० टक्क्यांत असला तर पोकळ्या मोकळ्या राहतात. ६५ च्या पुढे गेला की त्या पाण्याने भरतात आणि ढीग गुदमरतो. ओलावा उतरवायला सुकं लागतं: पालापाचोळा, भुसा, लाकडाचे कपटे.

पुस्तकात कार्बन-नत्राचं गुणोत्तर (एका भाग नत्रामागे किती भाग कार्बन) २५ ते ३० ठेवा असं असतं आणि सगळे तेच गणित घोकतात. तुमच्या कचऱ्याला ते करून पाहा. १४५ किलो ओल्यात २५ किलो सुका पाला घातला की गुणोत्तर २४ च्या घरात येतं, म्हणजे कागदावर झकास. पण ओलावा अजून ६६ टक्के आहे. ४० किलो पाला घातलात तर तो ६१ वर येतो. म्हणून आपल्याकडच्या स्वयंपाकघरातल्या कचऱ्याला आधी पाण्याचं गणित सोडवायचं, कार्बनचं आपोआप सुटतं. ध्यानात ठेवायला सोपं प्रमाण: साडेतीन किलो ओल्याला एक किलो सुकं. घमेल्याने मोजायचं तर एक घमेलं ओलं, त्याला दळलेला पाला एक ते सव्वा घमेलं. अख्खी पानं घालत असाल तर घमेली वाढवा, कारण ती फुगीर असतात आणि वजनाला कमी भरतात.

आणि इथे तो मुद्दा येतो जो जवळजवळ प्रत्येक आराखड्यात राहून जातो: पाल्याची खोली. पुण्यात पानगळ मुख्यतः फेब्रुवारी-मार्चमध्ये, आणि सुक्याची खरी गरज जून ते सप्टेंबर. १२० दिवस, रोज ४० किलो, म्हणजे पावणेपाच टन. यातला तिसरा हिस्सा तरी चाळणीवर उरलेला जाडाभरडा चोथा भागवतो, तो फेकायचा नाही, पुन्हा मिश्रणात घ्यायचा. तरीही तीन टन सुकं पावसाआधी हाताशी हवं. दळून गोण्यांत भरलेल्या पाल्याला साधारण २५ घनमीटर जागा लागते, म्हणजे १० बाय १० ची खोली छतापर्यंत. ती खोली कोरडी हवी. ताडपत्रीखाली उघड्यावर ठेवलेला पाला जुलैत स्वतःच पाणी पिऊन बसतो आणि मग तो सुका राहत नाही.

पाला कमी पडत असेल तर लाकडाच्या वखारीतून भुसा आणा. फर्निचरच्या कारखान्यातला नको, त्यात प्लायवूड आणि एमडीएफचा गोंद असतो. कोकोपीट पाणी भरपूर पितं पण बारीक असल्यामुळे पोकळी देत नाही; नुसत्या कोकोपीटवर चालवलेला ढीग वरून कोरडा आणि आतून चिखल असतो. त्यात निम्मे लाकडाचे कपटे किंवा बारीक फांद्यांचे तुकडे घाला.

टाक्या किती? रोजचं मिश्रण सुमारे अर्धा घनमीटर. टाकी आतून ४ फूट बाय ४ फूट आणि ४ फूट उंच घेतली, साडेतीन फुटांपर्यंत भरली, तर ती दीड घनमीटरच्या जरा वर धरते. ढीग रोज खाली बसत असल्याने एक टाकी चार दिवसांत भरते. भरल्यावर १४ दिवस तशीच ठेवायची, म्हणजे एक टाकी १८ दिवस अडकते. पहिल्या टप्प्याला पाच टाक्या झाल्या. मग ढीग दुसऱ्या टाकीत उलटवायचा. एव्हाना तो जवळपास निम्मा झालेला असतो, त्यामुळे दोन टाक्यांचा माल एका टाकीत मावतो. तिथे आणखी १६ दिवस. दुसऱ्या टप्प्याला तीन टाक्या पुरतात. एक मोकळी. एकूण नऊ. त्यानंतर महिनाभर मुरवायला ४ घनमीटरचा एक कप्पा, जमिनीवरच, तीन बाजूंनी भिंत असलेला.

जागा मोजा: नऊ टाक्या दोन ओळींत, मध्ये पाच फुटांची वाट, हे २५ बाय १५ फुटांत बसतं. मिसळायचा आणि तराजूचा ओटा १० बाय १०, मुरवण आणि चाळणी १० बाय १०, पाल्याची खोली १० बाय १०. बेरीज पावणेसातशे चौरस फूट, म्हणजे ७०० धरा. कोणी २०० चौरस फुटांत १८० घरांचा कचरा जिरवून देतो म्हणाला तर मुरवण कुठे आणि पाला कुठे, एवढंच विचारा.

गवंड्याला सांगायच्या गोष्टी आता जरा तपशिलाने, कारण चुका इथेच होतात. भिंत जाळीदार विटांची, पण छिद्रांवर आतून ६ मिलिमीटरची वेल्ड जाळी, नाहीतर पहिल्या आठवड्यात उंदीर राहायला येतात. जाळी प्लास्टिकची नको, ती ते कुरतडतात. दोन शेजारच्या टाक्यांत एकच सामाईक भिंत बांधून गवंडी विटा वाचवतो. तसं केलं की त्या बाजूने हवा येत नाही आणि नेमका तोच कोपरा वास मारतो. मध्ये तीन-चार इंचांची फट सोडायला सांगा. पुढची बाजू पक्की न बांधता खाचेत सरकणाऱ्या फळ्यांची ठेवा, वरून फावड्याने माल काढायला लागला तर माणूस तीन दिवसांत काम सोडेल. चार फुटांहून उंच टाकी बांधू नका. वरच्या वजनाने खालचा थर दाबला जातो आणि कुजतो.

तळाला कोबा करून ६० फुटांना एक फूट असा उतार आणि उताराच्या टोकाला नाली. नालीतलं काळं पाणी २०० लिटरच्या झाकणाच्या चेंबरमध्ये घ्या, त्याचा वरचा निकास मैलापाण्याच्या लाइनला जोडा. पावसाच्या पाण्याच्या गटाराला कधीच नाही. हे पाणी 'द्रवखत' म्हणून झाडांना घालायची हौस काहींना असते; ताजं पाणी आंबट आणि खारट असतं, मुळं जळतात. कोबाच्या वर एक थर विटा, त्यावर जाळी, आणि प्रत्येक भरणीच्या तळाशी काटक्या आणि नारळाच्या करवंट्यांचा सहा इंच जाड थर. करवंट्या लवकर कुजत नाहीत, चाळणीवर परत मिळतात, पुन्हा तळाशी घालायच्या.

छपराचे पत्रे चारी बाजूंनी चार-पाच फूट बाहेर काढा, पाऊस सरळ पडत नाही. पुण्यात जून ते सप्टेंबर वारा पश्चिम-नैऋत्येकडून असतो, म्हणून टाक्या इमारतींच्या पूर्वेला किंवा ईशान्येला असल्या तर उत्तम. पश्चिमेच्या कोपऱ्यात बांधल्या तर वारा वास थेट खिडक्यांत नेतो, आणि तेही खिडक्या दमट हवेने उघड्या असण्याच्या दिवसांत. पाण्याची जमिनीखालची टाकी आणि बोअरवेल यांपासून शक्य तितक्या दूर. फायर ब्रिगेडच्या गाडीची वाट अडवू नका, नंतर तोडावं लागतं. नळ, दिवा आणि हात धुवायची जागा नकाशात पहिल्यापासून घ्या.

दळायचं मशीन घ्यायचं तर पाल्यासाठी घ्या, अन्नासाठी नको. ओला कचरा दळला की त्याचा लगदा होतो आणि पोकळी संपते. कोबीचा अख्खा गड्डा, कलिंगडाच्या मोठ्या साली, केळीचे घड एवढंच विळ्याने दोन-तीन इंचांचे तुकडे करून घालायचं.

रोजचं काम असं. कचरा वजन करून जाळीच्या टेबलावर पसरायचा, पाणी निथळू द्यायचं, नको ते वेचायचं. मग ओट्यावर ओलं आणि सुकं फावड्याने एकत्र करायचं. थरावर थर टाकायची पद्धत घरच्या कुंडीत चालते, १४५ किलोला नाही. ओल्याचा थर मध्ये चिखल होऊन बसतो आणि पाला वर कोरडाच राहतो. मिसळतानाच मागचं तयार खत दहा टक्के टाका. त्यात हवे ते सगळे जिवाणू असतात, विकतच्या कल्चरची गरज फार तर पहिल्या महिन्यात. मग मूठ घट्ट दाबून बघायची. बोटांच्या फटीत एक-दोन थेंब दिसले आणि मूठ उघडल्यावर गोळा हलकेच फुटला तर बरोबर. धार लागली तर अजून पाला. गोळाच बनला नाही तर पाणी शिंपडा, मार्च-एप्रिलमध्ये हेही घडतं. टाकीत ओतल्यावर वरून दोन-तीन इंच जुनं खत किंवा दळलेला पाला, अन्न एक कणही दिसता कामा नये. हे पांघरूण वास गाळतं आणि माश्यांना अंडी घालायला जागा देत नाही.

टाकीत खुपसायचा दोन फुटी दांड्याचा तापमापक एवढं एकच उपकरण मी आवश्यक मानतो. तिसऱ्या-चौथ्या दिवशी ढिगाच्या पोटात ५५ ते ६५ अंश दिसायला हवेत. ५५ च्या वर किमान तीन दिवस राहिलं की रोगजंतू आणि तणाचं बी मरतं, पण फक्त तापलेल्या भागातलं. कडेचा माल थंडच असतो. म्हणून उलटवताना कडेचा माल मध्ये आणि मधला कडेला. ७० च्या वर गेलं तर दोन आठवडे न थांबता लगेच उलटवा, त्या उष्णतेत कामाचे जिवाणूही मरतात. ४० च्या खाली रेंगाळलं तर मूठ पुन्हा दाबून बघा: बहुतेक वेळा पाणी जास्त, उन्हाळ्यात पाणी कमी, क्वचित टाकी अर्धीच भरलेली.

वासावरून दोष ओळखता येतो. आंबूस, व्हिनेगरसारखा वास म्हणजे सुरुवातीच्या आम्लांवरच गाडी अडली आहे: ओलं जास्त, जुनं खत कमी. सुकं आणि जुनं खत घालून उलटवा. चुना टाकायचा मोह आवरा, त्याने नत्र अमोनिया होऊन उडून जातो. नाकाला झोंबणारा अमोनियाचा वास आला तर नत्र जास्त, भुसा घाला. सडक्या अंड्याचा वास म्हणजे हवा पूर्ण बंद आहे. तेव्हा वरून काही शिंपडून उपयोग नाही, टाकी रिकामी करून करवंट्यांचा तळ नव्याने घालावा लागतो.

अळ्या दिसल्या की रहिवाशांच्या ग्रुपवर फोटो येतात. करड्या, चपट्या, बोटाच्या पेरभर लांब अळ्या ब्लॅक सोल्जर माशीच्या असतात; त्या कचरा वेगाने खातात, रोग पसरवत नाहीत. पांढऱ्या, बारीक, टोकदार अळ्या घरमाशीच्या. त्या दिसल्या म्हणजे अन्न उघडं राहिलं आहे किंवा ढीग तापलेला नाही. औषध फवारू नका, वरचा थर खणून गरम पोटात गाडा.

वर्गीकरणाबद्दल सगळे बोलतात, पण नेमकं काय त्रास देतं ते लिहितो. सॅनिटरी पॅड आणि डायपर डोळ्यांना दिसतात, वेचले जातात, आणि ते कुठल्या घरातून येतात हे दोन आठवड्यांत कळतं. खरा छळ छोट्या वस्तूंचा. दुधाची पिशवी उघडताना कापलेला तो इवलासा तिकोनी कोपरा सिंकमध्ये पडतो, भाजीच्या देठांबरोबर डब्यात जातो, वेचणाऱ्याला दिसत नाही, आणि शेवटी चार मिलिमीटरच्या चाळणीतूनही कधी आडवा कधी तिरका निसटतो. खतात पांढरे-निळे ठिपके दिसले की कोणी ते कुंडीत घेत नाही. उपाय फुकट आहे: पिशवीला काप द्यायचा, पण कोपरा पिशवीलाच लटकत ठेवायचा. कोथिंबिरीच्या जुडीचं रबरबँड, चहाच्या पुड्यांच्या पिना आणि निर्माल्यातल्या हारांचा दोरा हे असेच. दोरा दळण्याच्या मशीनच्या दांड्याला गुंडाळतो आणि मोटर जाळतो. गणपतीत हार सोडवून घेतल्याशिवाय निर्माल्य आत घेऊ नका.

सोसायटीच्या हॉलमधल्या जेवणावळीचं उरलेलं अन्न हा वेगळा प्रकार. एका रात्रीत ८० किलो भात आणि रस्सा टाक्यांत ओतला तर तेल, मीठ आणि पाणी मिळून दोन टाक्या बंद पडतात. हॉल भाड्याने देतानाच अट घाला की उरलेलं केटरर नेईल. थोडंफार आलंच तर दुप्पट सुक्यात मिसळून मोकळ्या टाकीत.

माणूस. १४५ किलोचं काम एका माणसाचं तीन ते चार तासांचं, महिन्याचे तीसही दिवस, म्हणून सुट्टीचा बदली माणूस आधीच ठरलेला हवा. पुण्यात 'स्वच्छ' या कचरावेचकांच्या सहकारी संस्थेच्या ताई सोसायट्यांत हे काम करतात आणि वेचण्याचा हात त्यांच्याइतका दुसऱ्या कोणाचा नसतो. हाऊसकीपिंगच्या माणसावर 'जमेल तसं बघ' म्हणून ढकललंत तर ते जमत नाही. गमबूट, रबरी हातमोजे (कापडी नकोत), धनुर्वाताचं इंजेक्शन हा खर्च बजेटमध्ये लिहा. मशीनच्या हप्त्यापुढे तो किरकोळ आहे.

खत झालं हे कसं ओळखायचं? रंगावर जाऊ नका. मूठभर खत ओलसर करून झिपच्या पिशवीत तीन दिवस बंद ठेवा. उघडल्यावर पहिल्या पावसातल्या मातीसारखा वास आला तर झालं, आंबट आला तर अजून दोन आठवडे मुरवा. खात्रीसाठी अळीव घ्या, तेच जे बाळंतिणीच्या लाडवात जातं. निम्मं खत, निम्मी माती, वर दहा दाणे. अळीव कच्च्या खताला फार हळवा असतो. चार-पाच दिवसांत आठ तरी उगवले आणि कोंबांची टोकं तपकिरी नसली तर कुंडीत घालायला हरकत नाही.

तुमच्याकडे रोज तीस-पस्तीस किलो, म्हणजे महिन्याला टनभर चाळलेलं खत निघेल. हजार चौरस मीटरची बाग असली तरी तिला वर्षाला चार-पाच टनांच्या वर नको. उरलेले सात-आठ टन कुठे जाणार हे आत्ताच ठरवा: रहिवाशांना महिन्याला दोन किलो, एखादी नर्सरी, मुळशी किंवा सासवडकडचा कोणी ओळखीचा शेतकरी जो स्वतःच्या टेम्पोने नेईल. पोत्यावर नाव छापून विकायचं असेल तर खत (नियंत्रण) आदेश, १९८५ लागू होतो आणि ओलावा, क्षार, जड धातू यांची तपासणी करावी लागते. त्या भानगडीत पहिल्या वर्षी पडू नका. मालमत्ता करातली सवलत मात्र मागा. पुणे महापालिका गांडूळखत, सौरऊर्जा, पर्जन्यसंचय यांतल्या एका उपायाला सर्वसाधारण करात ५ टक्के देते, पण प्रकल्प खरोखर चालू हवा.

आता वेळापत्रक. जूनमध्ये सुरुवात करू नका, कोणी कितीही घाई केली तरी. नोटिशीला उत्तर म्हणून वजनाची नोंदवही आणि नकाशा जोडून मुदत मागा. पहिला महिना फक्त वर्गीकरण आणि वजन. दिवाळीनंतर चार टाक्या बांधा आणि एका विंगचा कचरा घ्या, शक्यतो त्या मागच्या विंगचा, ज्यांनी तक्रार केली आहे. त्यांच्याच घरचा कचरा त्यांच्याच खिडकीखाली वास न मारता मुरताना दिसला की पुढच्या पाच टाक्यांना सर्वसाधारण सभेत कोणाला हात वर करायला सांगावं लागत नाही. फेब्रुवारीत झाडूवाल्याला पाला जाळू देऊ नका, गोण्या भरायला लावा. उरलेल्या टाक्या मार्चमध्ये, आणि मेअखेर पाल्याची खोली छताला टेकलेली आहे की नाही ते स्वतः दार उघडून बघा.

तोपर्यंत मशीनवाल्याला ते ६० किलो पाण्याचं विचारून ठेवा. त्याने लेखी काही दिलं तर इथे टाका, आकडे तपासून सांगतो.